कारखान्यात माणूस घसरून पडला, तर चूक कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतल्या एका मशीन शॉपचे सुपरवायझर विचारतात, की दोन महिन्यांत त्यांच्याकडे तिघं पडले. दोघांचा पाय घसरला, तिसरा रिकाम्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीच्या, कोपऱ्याला अडखळला. त्या तिसऱ्याचं मनगट मोडलं, आणि तो कंत्राटदाराचा हेल्पर. मालक म्हणतात, "मोबाईल बघत चालला असेल, त्याला आपण काय करणार?" हेल्परला काही मिळतं का, आणि हे पडणं थांबवायचं कसं?

माझी सव्वीस वर्षं सेफ्टीत गेली. सुरुवातीची सात साखर कारखान्यात, बाकीची गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांत. क्रेनचा दोर तुटला की पूर्ण कारखाना जमा होतो, चौकशी समिती बसते. माणूस घसरून पडला की आधी दोघं हसतात, मग त्याला उठवतात. मी पाहिलेली सगळ्यात जास्त हाडं मात्र या दुसऱ्या प्रकारातच मोडली.

हेल्परचं आधी बोलू, कारण त्याच्या बाबतीत दिवस मोजले जात आहेत.

त्याची ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विम्याची वर्गणी, कापली जाते का, ते पगारपत्रकावर बघा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय लागू असते. त्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. माणूस कंत्राटदाराचा असला तरी वर्गणी भरली जाते की नाही याची जबाबदारी मूळ मालकावर येते. नंतर ती कंत्राटदाराकडून वसूल करायची की नाही हा त्या दोघांमधला हिशेब. कामावरच्या दुखापतीत तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी इतके महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. काल कामाला लागला आणि आज पडला तरी तो बसतो. साध्या आजारपणाच्या रजेत हाच दर ७० टक्के असतो आणि तिथे वर्गणीचीही अट असते. म्हणून "आजारपणात टाकून देऊ, कटकट नको" असं कोणी सुचवलं तर त्यात हेल्परचं थेट नुकसान आहे. पुढे मनगट आखडलं, पकड गेली, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं आणि त्यावरून कायमचा लाभ मिळतो. तोही कामावरची दुखापत म्हणून नोंद असेल तरच.

ईएसआय नसेल तर भरपाईचा कायदा आहे. १९२३ सालचा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. ती संहिता बाकीच्या तीन कामगार संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गाभा तोच आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण अर्धा पगार. देय झालेली भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसताना उशीर केला असेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड.

आता मालकांचा मोबाईलचा मुद्दा. या कायद्यात मालकाला सुटकेच्या वाटा मोजक्याच ठेवल्या आहेत: माणूस दारू किंवा नशेत होता, त्याने सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश किंवा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. यातलं काही घडलं आणि दुखापत थेट त्यामुळेच झाली, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर याही वाटा बंद. "लक्ष नव्हतं", "घाईत होता", "धांदरट आहे" हे या यादीत कुठेच नाही. साधा निष्काळजीपणा भरपाईच्या आड येत नाही. शॉपमध्ये मोबाईलबंदीचा लेखी नियम आहे का, तो हेल्परला कोणी कधी सांगितला होता का, हे मालकांना विचारून बघा. बहुतेक ठिकाणी तिथेच विषय संपतो.

खरी गोची वेगळ्याच जागी होते, ती म्हणजे केसपेपरवर. माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. प्रेस शॉपमधला एक पोरगा पडला. कंत्राटदाराच्या माणसाने त्याला दुचाकीवर मागे बसवून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं आणि वाटेत पढवलं, "गाडीवरून पडलो असं सांग, नाहीतर पोलीस केस होते." पोराने तसंच सांगितलं. डॉक्टरांनी ऐकलं ते लिहिलं. चार महिन्यांनी मनगट वळेना, तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याच्याकडे एकमेव सरकारमान्य कागद होता आणि त्यावर दुचाकीवरून पडल्याचं लिहिलेलं होतं. अशा केसमध्ये पुढे कितीही धावपळ केली तरी पहिला कागद आडवा येतो. तुमच्या हेल्परचा केसपेपर आजच मागून घ्या आणि पहिली ओळ वाचा. चुकीचं लिहिलं असेल तर तारीख, वेळ, जागा आणि सोबतच्या दोघांची नावं घालून मालकाला अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या दिवशी कंत्राटदाराला किंवा तुम्हाला व्हॉट्सॲपवर "अमुक पडला" असा मेसेज गेला असेल तर तो जपून ठेवा. मोडक्या का होईना, पण त्याच वेळच्या पुराव्याला किंमत असते.

कंपनीच्या बाजूने दोन कागद लागतात. अपघात नोंदवही, आणि ईएसआयला द्यायचा अहवाल, ज्याला आजवर आपण फॉर्म १२ म्हणत आलो. तो २४ तासांत जायला हवा. शिवाय दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखाने निरीक्षकांना, म्हणजे आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, कळवावं लागतं. हे ४८ तास चुकवायची एक युक्ती सगळीकडे चालते. प्लास्टर घातलेल्या माणसाला रिक्षाने आणायचं, टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवायचं, हजेरी लावायची. गेटवरच्या फळ्यावरचा 'अपघाताविना दिवस' हा आकडा जिवंत राहतो. मी एका कंपनीत तो फळाच काढायला लावला होता. प्लँट हेड महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आता फरशीकडे वळू.

आपल्या भाषेत घसरणं आणि ठेचकाळणं हे दोन वेगळे शब्द आहेत, पण रजिस्टरमध्ये दोन्हीसाठी 'पडला' एवढंच लिहितात आणि तपास तिथेच मरतो. घसरताना टाच टेकते त्या क्षणी पाय पुढे निसटतो आणि माणूस मागे आदळतो. मार लागतो तो माकडहाडाला, खुब्याला, डोक्याच्या मागच्या बाजूला. मागे हात टेकला तर मनगटालाही. अडखळताना पाऊल अडतं, अंग पुढे जातं आणि माणूस तोंडावर पडतो. त्यात तळहात, मनगट, गुडघ्याची वाटी, दात. कोणी नीट सांगत नसेल तर जखम कुठे आहे त्यावरून अर्धी गोष्ट कळते. डोकं मागून आपटलं असेल तर "काही नाही, ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका. पुढचे चोवीस तास कोणीतरी सोबत हवं. उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं की सरळ हॉस्पिटल. आणि पडलेल्याला काखेत हात घालून झटक्यात उभं करायची जी घाई असते, ती टाळा. आधी कुठे दुखतंय ते विचारा, पाय हलतोय का बघा.

त्याच पाच मिनिटांत दुसऱ्या कोणीतरी जमिनीचा फोटो काढावा. आपल्याकडे माणूस उचलायच्या आधी फडकं येतं आणि डाग पुसला जातो. मग चौकशीत सगळे म्हणतात, फरशी कोरडी होती. त्याचे बूटही बाजूला ठेवा. तळव्याची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असते आणि त्या बुटांची 'पुढची इश्यू डेट' अजून पाच महिन्यांवर असते.

बुटांबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की तो वेगळा सांगायला हवा. स्टील टो असलेला बूट म्हणजे सेफ्टी शू, तो घातला की झालं. लोखंडी टोपी बोटांवर जॉब, म्हणजे मशीनवरचा धातूचा तुकडा, पडला तर वाचवते. घसरण्याशी तिचा काहीही संबंध नाही. घसरण्यासाठी तळवा बघायचा: कशाचा आहे, तेलात टिकतो का, नक्षीत धातूचा कीस भरून तो सपाट झाला आहे का. खरेदी करताना आयएस १५२९८ हे सेफ्टी बुटांचं भारतीय मानक बघाच, पण सोलची घसरण चाचणी कोणत्या पृष्ठभागावर झाली तेही विचारा. आमच्या खरेदी विभागाने एकदा स्वस्तात बूट आणले. कोरड्या जमिनीवर उत्तम, कुलंटवर, म्हणजे मशीन थंड ठेवायला सोडतात त्या तेलपाण्यावर, साबणाच्या वडीसारखे. मी तसाच एक जोड घातला आणि खरेदीच्या साहेबांना माझ्याबरोबर सीएनसी लाइनीत एक फेरी मारायला नेलं. पुढची ऑर्डर बदलली.

कायदा फरशीबद्दल नेमकं बोलतो. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३२ सांगत होतं, की जमीन, पायऱ्या, जाण्यायेण्याच्या वाटा भक्कम असाव्यात, नीट राखलेल्या असाव्यात, त्यावर अडथळा किंवा पाय घसरेल असा पदार्थ नसावा, आणि गरज असेल तिथे कठडा असावा. कलम ३३ जमिनीतल्या खड्ड्यांचं आणि उघड्या तोंडांचं, कलम ११ ओल्या जमिनीच्या निचऱ्याचं. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये गेला, तरी सुरक्षित जागा देण्याचं कर्तव्य मालकाचंच आहे. 'कामगारांनी बघून चालावं' हे ना जुन्या कायद्यात जमिनीचं उत्तर होतं, ना नव्यात.

आणि बघून चालणं म्हणजे तरी काय? चालताना आपलं पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटरच उचललेलं असतं. प्रत्येक पावलाला जमिनीकडे बघत कोणी चालत नाही. एक सेंटीमीटर वर आलेली फरशीची कड किंवा वाकलेली चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा) तेवढ्यासाठी पुरते. ओलाव्याचंही असंच. अख्खी जमीन ओली असेल तर माणूस आपोआप छोटी पावलं टाकतो, अंग सावरून चालतो. घात करतो तो कोरड्या वाटेवरचा एकच ताटाएवढा ओला डाग. त्यात पॅलेटची हातगाडी ढकलत असेल तर जोर लावायला पायाला जास्त पकड लागते आणि नेमकी तिथे ती नसते.

तुमच्या घसरलेल्या दोघांबद्दल मी विचारेन, की ते कोणत्या शिफ्टमध्ये पडले? आमच्याकडे एका लाइनीत दीड वर्षात पाच जण पडले होते. प्रत्येक वेळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सेफ्टीची छोटी बैठक, प्रत्येक वेळी 'कामगारास समज दिली'. पाची नोंदी शेजारी मांडल्या तेव्हा दिसलं, की पैकी चार रात्री दोन ते पाचच्या मधल्या. झोप हे सोपं उत्तर होतं. मी तीन रात्री तिथे स्टुल टाकून बसलो. एका लेथच्या कुलंट पाइपाची क्लिप सैल होती. थेंब थेंब गळत होतं. खाली कोणीतरी पत्र्याचा ट्रे ठेवला होता, तो सफाईवाला दिवसातून दोनदा रिकामा करायचा. सफाईवाला पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टलाच असायचा. ट्रे रात्री दोनच्या सुमारास भरायचा आणि पहाटेपर्यंत गँगवेमध्ये, म्हणजे शॉपमधल्या चालायच्या वाटेवर, एक पातळ, दिव्याच्या उजेडात न दिसणारा ओघळ यायचा. सकाळी सहाला सफाईवाला तो पुसायचा, आणि आठला येणाऱ्या साहेबांना जमीन स्वच्छ दिसायची. क्लिप बदलली. त्या जागी पुन्हा कोणी पडलं नाही.

तिथे बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. वळणावरच्या खांबावर, कमरेच्या थोडं वर, तेलकट हातांच्या ठशांचा काळा पट्टा होता. प्रत्येक जण तिथे वळताना खांबाला हात लावून तोल सावरत होता. कोणी पडलं नव्हतं, म्हणून रजिस्टरमध्ये काही नव्हतं. आता मी नव्या प्लँटमध्ये गेलो की आधी खांब आणि कठडे बघतो, मग जमीन. टाचेचे लांबट काळे ओरखडे, लोक वळसा घालून जातात ती जागा, पुठ्ठा किंवा पोतं टाकलेली जागा, ही सगळी न लिहिलेली नोंदवहीच. पोतं तर दुहेरी वाईट, कारण ओल शोषून झाल्यावर त्याची कडा पायात येते.

साफसफाईतही आपण उलटं करतो. तेलाच्या डागावर लाकडाचा भुसा टाकायचा आणि तिथेच ठेवायचा ही जुनी पद्धत. भुसा तेल पितो हे खरं, पण पाच मिनिटांनी झाडून उचलला नाही तर तोच पायाखाली सरकतो. मॉप एकच, पाणीही एकच बादली, तर एका जागचं तेल अख्ख्या शॉपला पातळ थरात लागतं. साबणाचं पाणी टाकलं की लगेच ओढू नका. तेल सुटायला काही मिनिटं द्या, मग घासा, मग स्वच्छ पाण्याने काढा आणि कोरडं होईपर्यंत वाट अडवा. नुसती पिवळी पाटी ठेवून लोक थांबत नाहीत. दुसरी वाट मोकळी करून दिली तरच थांबतात.

जमिनीवरचा चकचकीत इपॉक्सीचा लेप हा माझा खास राग आहे. ग्राहकाचं ऑडिट आलं की जमीन आरशासारखी करतात. कोरडी असताना छान. पावसाळ्यात शटरपासून पहिल्या पाच-दहा फुटांत, लोक ओले बूट घेऊन उन्हातून किंवा ढगाळ उजेडातून अंधाऱ्या शेडमध्ये शिरतात, डोळे अजून सरावलेले नसतात, तिथे हाच आरसा घात करतो. इपॉक्सी करायचंच असेल तर ओल्या थरावर क्वार्ट्झची वाळू पसरून वरचा हात मारतात, ते करून घ्या. टाइल्स घेताना दुकानदाराला आर रेटिंग, म्हणजे न घसरण्याचा दर्जा, विचारा. आर ९ ते आर १३ अशी ती चढती असते, आणि तेलपाण्याच्या जागेला आर ९ घेऊन चालत नाही. मोठ्या प्लँटला पेंड्युलम चाचणी (झुलता रबरी तुकडा जमिनीवर घासून पकड मोजतात ती) करून घेता येते. ओल्या जमिनीवर ३६ किंवा वर आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी, २५ च्या खाली आला तर जास्त. गँगवेच्या पिवळ्या पट्ट्यांना लावलेला ऑइल पेंटही ओला झाला की घसरतो, हे मी सुरक्षा सप्ताहात, ४ मार्चला, शपथ घेऊन झाल्यावर स्वतः घसरून शिकलो.

साखर कारखान्यातली एक पायरी अजून आठवते. मिल हाउसच्या लोखंडी जिन्याखालची जमीन ऑफ सीझनला नव्याने केली, दीड इंच वर आली. त्यामुळे शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दीड इंचाने बुटकी झाली. उतरताना पाय एक उंची गृहीत धरतो, जमीन आधीच लागते, गुडघा झटका खातो. जुने लोक हाताने कठडा धरून उतरायचे आणि नव्यांना सांगायचे, "खालची पायरी खोटी आहे." गळीत हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात एक-दोन हंगामी पोरं तिथे हमखास लोळायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेच लागलेला प्रत्येक जण शहाणा झाला होता, फक्त पायरी होती तशीच राहिली. वेल्डरचं ते अर्ध्या दिवसाचं काम होतं आणि ते व्हायला तीन हंगाम गेले, कारण 'पायरीमुळे' असं कागदावर कधी आलंच नाही. कागदावर 'उतरताना लक्ष नव्हते' असं होतं.

म्हणून अपघाताच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात माणसाचं वर्णन लिहायचं नाही, असा नियम तुमच्यापुरता करून टाका. जमिनीवर काय होतं, ते तिथे कुठून आलं, आणि आधी कोणाला दिसलं होतं का, एवढंच लिहा. 'हेल्पर पॅलेटला अडखळला' इथे थांबू नका. पॅलेट गँगवेत का होतं? माझा अंदाज असा, की रिकाम्या पॅलेटसाठी तुमच्याकडे जागा आखलेलीच नाही. ती माल घेऊन येणाऱ्या टेम्पोबरोबर परत जातात, टेम्पो दुपारी येतो, आणि सकाळपासून ती भिंतीला लागून साठत साठत वाटेवर येतात. असं असेल तर शटरजवळ पिवळ्या पट्टीने एक चौकोन आखा, त्यात एकावर एक किती रचायची ते भिंतीवर लिहा, आणि टेम्पोवाल्याला सकाळच्या फेरीतच रिकामी उचलायला सांगा. तो नाही म्हणाला तर मालकांना त्याच्याशी बोलायला लावा. मनगटाचा एक्स-रे सोबत न्या.